२५ एप्रिलचा अँझॅक सामना: मान कायम दोनच क्लबांचा असावा का?

काळापांढरा, मेलबर्न (धागाकर्ता)

एप्रिल लागला की आमच्या घरात जेवणाच्या ताटावरसुद्धा कॉलिंगवूड आणि एसेंडन यांच्याखेरीज दुसरा विषय निघत नाही. मी कॉलिंगवूडचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. मुलगी मात्र शाळेतल्या मैत्रिणींच्या संगतीने एसेंडनची झाली. तेव्हापासून २५ एप्रिलला आम्ही दोघे एकाच ट्रेनने मैदानावर जातो आणि येताना दोघांपैकी एक जण खिडकीबाहेर बघत बसलेला असतो.

भारतातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, इथल्या बोलीत 'फूटी', हा क्रिकेटच्याच मैदानावर, लंबगोल चेंडूने, दोन्ही बाजूंच्या अठरा-अठरा खेळाडूंनी खेळायचा खेळ आहे. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार गेला की सहा गुण मिळतात, त्यांच्या बाजूच्या आखूड खांबांच्या आतून गेला तर एकच. २५ एप्रिल हा अँझॅक दिन. १९१५ मध्ये त्या दिवशी पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैन्य तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले आणि आठ महिने टेकड्यांना चिकटून राहून, हजारो माणसे गमावून, अखेर माघारी गेले. त्या पराभवाच्या स्मरणार्थ आजही पहाटे श्राइन ऑफ रिमेंबरन्सपाशी मेलबर्नकर अंधारात उभे राहतात, सकाळी माजी सैनिकांचे संचलन होते आणि दुपारी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे एमसीजीवर, कॉलिंगवूड आणि एसेंडन समोरासमोर येतात.

हे १९९५ पासून चालू आहे. एसेंडनचे तेव्हाचे प्रशिक्षक केव्हिन शीडी यांनी तरुणपणी सक्तीची लष्करी सेवा केलेली होती. माजी सैनिकांच्या आरएसएल या संघटनेचे व्हिक्टोरियातले अध्यक्ष ब्रूस रक्स्टन यांच्याकडे त्यांनी ही कल्पना नेली, आणि पहिल्याच वर्षी ९४,८२५ लोक आले. हजारो लोक दाराबाहेरून परत गेले. साव्हेरिओ रोका याने कॉलिंगवूडसाठी नऊ गोल मारले, तरीही सामना १११–१११ असा बरोबरीत सुटला. एखाद्या प्रथेची सुरुवात याहून चांगली कशी व्हावी, हे मला सुचत नाही.

आता प्रश्न. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने परवा जेवणाच्या सुट्टीत ठासून सांगितले की हा सामना दरवर्षी त्याच दोन क्लबांना देणे हा उघड पक्षपात आहे, आणि लीगमध्ये अठरा क्लब असताना तो फिरता असावा. मला ते पटले नाही. या सामन्याची वाट वर्षभर बघता येते, कारण समोर कोण असणार हे वर्षभर ठाऊक असते. कोणाशी खेळायचे हे दरवर्षी कार्यक्रमपत्रिका उघडून बघावे लागले, तर तो इतर बावीस सामन्यांसारखाच आणखी एक सामना होईल. शिवाय दोघांपैकी एखादा संघ गुणतक्त्यात तळाशी असला तरी मैदान भरते, आणि हे दुसऱ्या कोणत्याही जोडीला सहज जमेल असे मला वाटत नाही. आपली मते सविस्तर मांडावीत.

अर्डन स्ट्रीट, मेलबर्न

धागा चांगला आहे, मात्र प्रश्न मांडतानाच उत्तर देऊन टाकले आहे. मी नॉर्थ मेलबर्नचा पाठीराखा असल्यामुळे मला मत्सर वाटतो असे कोणी म्हणणारच; तर तो वाटतो, हे आधीच कबूल करून पुढे लिहितो.

'दुसऱ्या जोडीला जमणार नाही' हे विधान इतिहासाला धरून नाही. अँझॅक दिनी व्हीएफएलचे (याच लीगचे तेव्हाचे नाव) सामने १९६० पासून होत आले आहेत, आणि १९७७ साली याच दिवशी याच मैदानावर रिचमंड आणि कॉलिंगवूड यांचा सामना बघायला ९२,४३६ लोक आले होते. तेव्हा कोणाची मक्तेदारी नव्हती, संचलनानंतर फुटबॉल असा एवढा गाजावाजा नव्हता, आणि तरीही मैदान भरले. गर्दी सुट्टीच्या दिवसाने आणि त्या दिवसाच्या अर्थाने आणली. क्लबांनी ती नंतर आपल्या नावावर लावून घेतली.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे आणि तो सभ्यपणाने टाळला जातो. यजमानपद दोघांमध्ये आलटून-पालटून जाते, म्हणजे नव्वद हजारांच्या सामन्याचे उत्पन्न वर्षाआड ठरलेल्या दोनच तिजोऱ्यांत पडते. त्याच कॉलिंगवूडकडे जूनमधला राजाच्या वाढदिवसाचा सामनाही आहे. त्याच एसेंडनकडे रिचमंडबरोबरचा, आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ २००५ पासून होणारा 'ड्रीमटाइम'चा सामनाही आहे. ज्यांच्याकडे आधीच सर्वाधिक सभासद, सर्वाधिक प्रायोजक आणि दूरदर्शनच्या सर्वोत्तम वेळा आहेत त्यांनाच वर्षातला सर्वांत मोठा साधा सामना कायमचा द्यायचा, आणि मग सेंट किल्डा किंवा वेस्टर्न बुलडॉग्स यांना सांगायचे की तुमच्या सामन्यांना लोक येत नाहीत. पुण्यातल्या मानाच्या गणपतींच्या मिरवणुकीत मागे रात्रभर ताटकळलेल्या मंडळांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल.

तिसरे जे सांगायचे आहे ते कॉलिंगवूडकरांना आवडणार नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, लीगमध्ये चारच क्लब खेळले: कार्लटन, फिट्झरॉय, रिचमंड आणि कॉलिंगवूड. बाकीच्यांनी युद्ध चालू असताना खेळणे योग्य नाही म्हणून माघार घेतली होती. १९१७ साली कॉलिंगवूडने विजेतेपद मिळवले, आणि ते आजही त्यांच्या सोळा विजेतेपदांत मोजले जाते. जो क्लब त्या युद्धात खेळत राहिला तोच त्या युद्धाच्या स्मरणाचा कायमचा मानकरी, हे मला विचित्र वाटते.

तांबडा पट्टा, मेलबर्न

अर्डन स्ट्रीट साहेब, तुमच्या तिसऱ्या मुद्द्यातच आमच्या क्लबाची बाजू आली आहे. एसेंडनने १९१६ आणि १९१७ ही दोन्ही वर्षे खेळ बंद ठेवला होता. तेव्हा निदान आम्हाला तरी त्या आरोपातून वगळावे.

आता मनातले लिहितो. काळ्या जर्सीवरचा तांबडा पट्टा छातीवर मिरवणाऱ्या माणसाने गेली वीस वर्षे काय सोसले आहे, हे बाहेरच्यांना कळणार नाही. २००४ नंतर आमच्या क्लबाने सप्टेंबरमधल्या अंतिम फेरीतला एकही सामना जिंकलेला नाही. २०१६ साली तर पूरक औषधांच्या प्रकरणात ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी आली, अर्धा संघ उसनवारीने उभा केला आणि आम्ही तळाला गेलो. त्या वर्षीही २५ एप्रिलला मी मैदानावर होतो. ज्या संघाला सप्टेंबर नाही त्याच्यासाठी एप्रिलमधली ही दुपार म्हणजे फायनल असते. ती फिरती करा असे म्हणणे सोपे आहे, कारण तुमच्या हातून काही जात नाही.

आणि सामन्यांचा दर्जा बघा. २००९ साली पाऊस, चिखल, शेवटची काही सेकंद आणि डेव्हिड झहाराकिस नावाच्या कोवळ्या पोराने धावत येऊन मारलेला गोल: आम्ही पाच गुणांनी जिंकलो. मी त्या क्षणी शेजारच्या अनोळखी आजोबांना मिठी मारली होती, त्यांच्या छातीवर पदके होती आणि ती माझ्या गालाला टोचली, हे अजून आठवते. २०१२ साली एका गुणाने हरलो. २०१९ साली चार गुणांनी हरलो. २०२३ साली तिसऱ्या सत्राअखेर चांगले पुढे होतो, तरी ९५,१७९ लोकांसमोर तेरा गुणांनी हरलो, आणि त्याविषयी मला आणखी बोलायचे नाही. २०२४ साली ८५–८५. पहिला सामना बरोबरीत सुटला होता, त्यानंतर एकोणतीस वर्षांनी पुन्हा बरोबरी. ही अशी साखळी फिरत्या सामन्यात तयार होत नाही. झहाराकिसचा गोल आम्हाला आठवतो तो समोर कॉलिंगवूड होते म्हणून. समोर दुसरे कोणी असते तर तो चांगल्या गोलांच्या यादीतला एक गोल झाला असता.

तटस्थ, सिडनी

मला दोन्ही बाजूंचे म्हणणे मूळ प्रश्नाला वळसा घालणारे वाटते. कोणते क्लब खेळतात याआधी हे विचारायला हवे की त्या दिवशी हा तमाशा असावाच का. समालोचक आठवडाभर 'शौर्य', 'खंदक', 'बलिदान' असे शब्द वापरतात, सर्वोत्तम खेळाडूला अँझॅक पदक देतात, आणि तेही युद्धातल्या धैर्याशी नाते सांगणाऱ्या निकषांवर. चेंडूमागे धावणाऱ्या, उत्तम मानधन घेणाऱ्या तरुणाची तुलना, अठराव्या वर्षी दगडी किनाऱ्यावर मेलेल्या मुलाशी करणे मला अशोभनीय वाटते.

२०१९ साली काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. सामन्याआधी बिगुल वाजताना नव्वद हजार लोक एक मिनिट श्वाससुद्धा जपून घेतात, त्याचे कौतुक वर्षभर ऐकवले जाते. त्याच दुपारी, सामना संपल्यावर, स्कॉट पेंडलबरी याला तिसरे अँझॅक पदक मिळत असताना प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो केली, आणि कॉलिंगवूडचे प्रशिक्षक नेथन बकली यांना व्यासपीठावरून त्यांची कानउघाडणी करावी लागली. शांतता सामन्याआधी मिनिटभर टिकली, आणि नंतर जे होते ते इतर कोणत्याही शनिवारी होते तसेच होते. मग तो दिवस पवित्र असल्याचा दावा कशाला?

अवांतर: सिडनीत राहत असल्यामुळे माझ्या भोवती रग्बी आहे, तिथेही हाच प्रकार चालतो. म्हणजे ही तक्रार एका खेळाविषयी नाही.

काळापांढरा, मेलबर्न (धागाकर्ता)

दोन्ही आक्षेपांना उत्तर देतो, जरा लांब होईल.

१९१६ विषयी. अर्डन स्ट्रीट यांनी दिलेली माहिती खरी आहे, मात्र तिच्यातून काढलेला अर्थ अर्धा आहे. जे चार क्लब खेळत राहिले ते शहराच्या आतल्या, कारखान्यांच्या, चाळवजा घरांच्या वस्त्यांतले होते. कॉलिंगवूड म्हणजे बूट, टोप्या आणि बिअर बनवणाऱ्या मजुरांचे उपनगर. तिथल्या माणसाला शनिवारची दुपार हीच आठवड्यातली एकमेव मोकळी वेळ होती. खेळ थांबवा म्हणजे तरुण सैन्यात भरती होतील, हा आग्रह बहुतांशी सुस्थितीतल्या वर्तमानपत्रांचा आणि सुस्थितीतल्या क्लबांचा होता. त्या वस्त्यांतून भरती कमी झाली, असेही नाही. ऑस्ट्रेलियाचे सगळे सैन्य स्वयंसेवकांचे होते. सक्तीच्या भरतीचा प्रश्न १९१६ आणि १९१७ साली दोनदा सार्वमताला टाकला गेला आणि दोन्ही वेळा लोकांनी तो फेटाळला. स्वतःहून गेलेल्या माणसांच्या वस्तीतला क्लब शनिवारी खेळला, म्हणून त्याचा स्मरणावरचा हक्क गेला, हे मला मान्य नाही. आणि गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पहिल्याच दिवशी, २५ एप्रिलला, जे फुटबॉलपटू पडले त्यांत कॉलिंगवूडसाठी खेळलेला ॲलन कॉर्डनर होता.

(नॉर्थ मेलबर्न १९२५ पर्यंत या लीगमध्येच नव्हते, हे मी मुद्दाम कंसात लिहितो आहे.)

तटस्थ यांच्या मुद्द्यावर मी थोडा नमतो. समालोचकांची युद्धाची भाषा मलाही खटकते, आणि त्या हुर्योने मला लाज वाटली होती, ती करणारे आमच्या बाजूचे नव्हते तरीही. मात्र एक माणूस देवळात मोबाइलवर बोलला म्हणून आरती बंद करत नाहीत. मी भारत-पाकिस्तान सामन्यालाही त्याच मैदानावर होतो, २३ ऑक्टोबर २०२२ ला, विराट कोहलीच्या नाबाद ८२ धावांच्या वेळी. नव्वद हजारांहून अधिक लोक होते आणि तीन तास कान बधिर झाले होते. त्याच कठड्यांवर, तितक्याच लोकांत, बिगुलाचा शेवटचा सूर विरल्यावर दूरवरच्या झेंड्याची दोरी खांबावर आपटताना ऐकू येते. स्थलांतरित म्हणून या देशाच्या इतिहासाशी माझा पहिला संबंध पुस्तकातून आला नाही, त्या आवाजातून आला. माझ्या मुलीने गॅलिपोली कुठे आहे हे नकाशावर शोधले ते सामन्याहून परत आल्यावर.

लालनिळी, जिलाँग

मी मेलबर्न क्लबाची. सर्वांत जुन्या क्लबांपैकी एकाची पाठीराखी असल्यामुळे 'परंपरा' या शब्दाचा वापर जपून करावा अशी माझी सवय आहे. तीस वर्षांच्या प्रथेला परंपरा म्हणताना आमच्याकडे थोडे हसतात.

धागाकर्त्यांनी ॲलन कॉर्डनरचे नाव घेतले ते बरे केले. मात्र ती यादी तिथे थांबत नाही, आणि माझा सगळा युक्तिवाद त्या यादीतच आहे. त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर आमचा ज्यो पीअर्स गेला. साउथ मेलबर्नचा, म्हणजे आजच्या सिडनी क्लबाचा, चार्ली फिंचर गेला. सेंट किल्डाचा क्लॉड क्राउल गेला. युनिव्हर्सिटी या क्लबाचा रूपर्ट बाल्फ गेला, आणि तो क्लब तर १९१४ नंतर लीगमध्ये उरलाच नाही, म्हणजे त्याची आठवण काढायला पाठीराखेसुद्धा नाहीत. कॉर्डनरसुद्धा कॉलिंगवूडच्या आधी जिलाँगकडून खेळला होता, हे मी जिलाँगमध्ये राहून विसरू शकत नाही. एका दिवसात मेलेल्या या माणसांच्या जर्सीचे रंग सहा-सात प्रकारचे होते. त्यांचे स्मरण दरवर्षी दोनच रंगांत व्हावे, याचे कारण एवढेच की १९९५ साली एका हुशार प्रशिक्षकाला ही कल्पना इतरांआधी सुचली. शीडींच्या हुशारीला माझा नमस्कार आहे. पण सुचणे आणि मालकी यांत अंतर असते.

आता कोणी म्हणेल की तुम्हाला आदल्या रात्रीचा सामना दिला आहे. हो, २०१५ पासून मेलबर्न आणि रिचमंड २४ एप्रिलच्या रात्री खेळतात. मैदानाभोवती ज्योत फिरते, दिवे मालवतात, आणि खरे सांगायचे तर तो सोहळा दुपारच्यापेक्षा अधिक अंतर्मुख करतो असे माझे मत आहे. रॉन बरासी यांचे वडील, त्यांचेही नाव रॉन, आमच्या १९४० च्या विजेत्या संघात होते आणि पुढच्याच वर्षी, दुसऱ्या महायुद्धात, लिबियातल्या टोब्रुक येथे मारले गेले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. तोच मुलगा पुढे या खेळातले सर्वांत मोठे नाव झाला. अशी कहाणी ज्या क्लबाच्या पोटात आहे त्याला आदली रात्र देऊन वाटेला लावले आहे. मी तक्रार करत नाही, जे आहे ते सांगते आहे.

सातारकर, पर्थ

सगळी चर्चा मेलबर्नच्या चार ट्राम थांब्यांच्या आत फिरते आहे, म्हणून पश्चिमेकडून दोन शब्द.

१ नोव्हेंबर १९१४ रोजी सैन्याने भरलेला पहिला ताफा निघाला तो आमच्या राज्यातल्या अल्बनी बंदरातून. त्यातल्या अनेकांनी ऑस्ट्रेलियाची जमीन शेवटची पाहिली ती तिथे. आमचा फ्रीमँटल क्लब गॅलिपोलीत लढलेल्या लेन हॉल या पश्चिम ऑस्ट्रेलियन सैनिकाच्या नावाने याच सुमारास सामना खेळत आला आहे, आणि त्याच्या बातम्या तुमच्याकडे चौथ्या पानावर येतात. अँझॅक या इंग्रजी लघुरूपातली 'एनझेड' ही मधली अक्षरे न्यूझीलंडची आहेत, त्याचीही आठवण लीगला २०१३ साली झाली, जेव्हा सेंट किल्डा आणि सिडनी यांनी २५ एप्रिलला वेलिंग्टनमध्ये गुणांसाठीचा सामना खेळला. दोन-तीन वर्षांत तो उत्साह ओसरला. म्हणजे लीगला फिरता सामना करून पाहायचा नव्हता असे नाही. जिथे गर्दी नाही तिथे स्मरणही परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझे दुसरे म्हणणे जरा वैयक्तिक आहे. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते आणि मेसोपोटेमियात होते. पूना डिव्हिजन, म्हणजे सहावी डिव्हिजन, कुट येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. घोडे मारून खाण्याची वेळ आली, अनेकांनी ते खाण्यास नकार दिला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. ऑस्ट्रेलियाच्या चिमुकल्या विमान तुकडीतले काही यांत्रिकही तिथेच कैद झाले. गॅलिपोलीतसुद्धा २५ एप्रिललाच भारतीय पर्वतीय तोफखाना उतरला होता, खेचरांवर तोफा लादून. पहाटेच्या मानवंदनेला मी दरवर्षी जातो आणि मनातल्या मनात त्या चार दिवसांनंतरच्या तारखेचेही स्मरण करतो. हे सगळे एखाद्या फुटबॉल सामन्यात मावावे अशी माझी अपेक्षा नाही. पण 'हा दिवस आमच्या दोन क्लबांचा' असे वाक्य कानावर आले की मला हसू येते. तो दिवस इतक्या जणांचा आहे की क्लबांचा हिशेब त्यात फारच किरकोळ ठरतो.

त्यामुळे माझे मत कोणालाच आवडणार नाही असे आहे. सामना त्या दोघांनीच खेळावा. त्यांना तो चांगला जमतो, त्यात फेरफार करून कोणाचे भले होणार नाही. फक्त त्याला 'मान' म्हणणे बंद करावे.

अर्डन स्ट्रीट, मेलबर्न

१९२५ चा टोमणा पोहोचला. कंस मोठा होता.

मजुरांच्या वस्तीविषयी धागाकर्त्यांनी लिहिलेले मला पटले, आणि तो मुद्दा मी मागे घेतो. पैशाचा मुद्दा मात्र कोणी हातही लावला नाही, म्हणून एक व्यवहार्य सूचना करतो. दर पाच वर्षांतून एकदा हा सामना दुसऱ्या दोन क्लबांना द्यावा; उरलेली चार वर्षे आहे तसेच चालू द्यावे. गुड फ्रायडेला सामना व्हावा असे नॉर्थ मेलबर्न वर्षानुवर्षे म्हणत होते, त्यावर 'त्या दिवशी फुटबॉल कधीच होत नाही' असे उत्तर मिळत असे. २०१७ साली तो झाला आणि आकाश कोसळले नाही.

तांबडा पट्टा, मेलबर्न

गुड फ्रायडेचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. तुम्ही एका रिकाम्या दिवशी नवी गोष्ट उभी केलीत, तिला वेळ दिलात, ती तुमची झाली. उद्या कोणी म्हणाले की दर पाच वर्षांनी गुड फ्रायडे एसेंडनला द्या, तर तुम्ही हाच धागा उलट बाजूने लिहाल. हॉथॉर्न आणि जिलाँग यांनी ईस्टरचा सोमवार असाच कमावला. जे दिवस अजून रिकामे आहेत ते शोधावेत.

पाचव्या वर्षाचे म्हणाल तर, ज्या वर्षी आमची पाळी नसेल ते वर्ष नेमके आमचा संघ चांगला असण्याचे निघेल. आमच्या क्लबाचे नशीब मी तुमच्यापेक्षा अधिक ओळखतो.

तटस्थ, सिडनी

पुन्हा वाटणीची भाषा. मोबाइल आणि आरतीची उपमा छान आहे, पण आरतीला तिकीट नसते आणि मध्यंतरात बिअर विकत नाहीत. सातारकर यांच्या लेखनातला शेवटचा परिच्छेद मात्र मी दोनदा वाचला.

लालनिळी, जिलाँग

तिकिटाच्या पैशातला काही भाग माजी सैनिकांच्या निधीला जातो, हे तटस्थ यांनी नमूद करायला हवे होते. बिअरविषयी मला काही म्हणायचे नाही. संचलनानंतर त्या माजी सैनिकांनी दुपारी काय केले असते असे आपणांस वाटते?

काळापांढरा, मेलबर्न (धागाकर्ता)

पाच वर्षांची सूचना मला मान्य नाही, आणि त्याचे कारण तांबडा पट्टा यांनी माझ्यापेक्षा चांगले सांगितले आहे (हे वाक्य एसेंडनच्या माणसाविषयी लिहिताना हात अडखळला). मात्र लालनिळी ताईंची यादी डोक्यातून जात नाही. सामना आमचाच राहावा, परंतु बिगुलाआधी, त्या दिवशी पडलेल्या सगळ्या फुटबॉलपटूंची नावे, क्लबांच्या नावांसह, मैदानावर वाचली जावीत, युनिव्हर्सिटीच्या बाल्फसकट. दोन्ही कर्णधारांनी ती आळीपाळीने वाचावीत. दोन मिनिटे लागतील. मी हे क्लबाच्या सभासद विभागाला लिहून कळवणार आहे.

सामन्याविषयी म्हणाल तर मुलीने पैज लावली आहे: हरणाऱ्याने महिनाभर दुसऱ्याचा स्कार्फ घालून भाजी आणायला जायचे. फूट्सक्रेच्या बाजारात मला तांबड्या पट्ट्यात पाहिलेत तर कृपया हाक मारू नये.

अर्डन स्ट्रीट, मेलबर्न

नावे वाचण्याची कल्पना उत्तम आहे, मी त्या पत्रावर सहीसुद्धा करीन. पण क्राउलचे नाव सेंट किल्डाच्या कर्णधाराने का वाचू नये? फिंचरचे नाव सिडनीच्या, पीअर्सचे मेलबर्नच्या? ते सगळे त्या दुपारी घरी बसून दूरदर्शनवर तुमच्या कर्णधारांना आपल्या माणसांची नावे घेताना बघणार असतील, तर माझा आक्षेप जिथे होता तिथेच आहे.